दुसरी सही

बँकेवरची थरारकथा म्हटलं की तिजोरी, बंदूक आणि नोटांनी भरलेली बॅग डोळ्यांसमोर येते. आपल्याकडच्या मोठ्या बँकबुडींच्या कागदपत्रांत मात्र बंदूक सहसा सापडत नाही. सापडतात ती स्टॉक स्टेटमेंटं, मूल्यांकनाचे दाखले, तपासणी अहवाल, आणि प्रत्येकाच्या तळाशी दोन सह्या. पहिली सही लोभी माणसाची. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. त्याला पैसा हवा असतो, झालं. कादंबरी असते ती दुसऱ्या सहीत. ती करणारा बऱ्याचदा एक रुपयाही घेत नाही. ओळख, भीड, घाई, बदलीची धास्ती, जुन्या उपकाराची फेड, यातलं काहीतरी त्याच्या हातात पेन देतं. 'भीड ही भिकेची बहीण' असं आपण म्हणतो. लोभ आणि बँक या विषयावर मराठीत थरारकादंबरी लिहायची असेल तर तिचा कणा मला या म्हणीत दिसतो.

अशा कथेला सोलापूर फार योग्य गाव आहे. यंत्रमाग, टॉवेल, चादर, साखर, कांदा, डाळिंब: सगळे धंदे उधारीवर आणि हंगामावर चालणारे. पूर्व भागातला माग, चाटी गल्लीतलं कापड दुकान, बाजार समितीतली अडत, प्रत्येकाची कुठल्या ना कुठल्या बँकेत नाहीतर पतसंस्थेत उचल असते. तेलुगू, कन्नड, मराठी अशा तीन भाषांत व्यवहार होतो, आणि तिन्ही भाषांत तोंडावर नकार देणं अवघड. कर्ज मागणारा, देणारा आणि जामीन राहणारा गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, एकाच पाळण्याखाली भेटतात. महानगरातल्या शाखेत अर्जदार अनोळखी असतो. इथे त्याच्या लग्नात आपण जेवलेलो असतो.

आता लोभ कागदावर कसा उतरतो ते बघू. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. बँकेने त्याला २ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा दिली आहे, म्हणजे तेवढ्यापर्यंत लागेल तसं उचलायचं आणि भरायचं, नजरगहाणावर. नजरगहाण आणि मालतारण यांतला फरक लेखकाने पक्का समजून घ्यावा, कारण कथा त्या फटीतूनच आत शिरते. मालतारणात गोदामाला बँकेचं कुलूप असतं आणि बँकेच्या परवानगीशिवाय पोतं हलत नाही. साखर कारखान्यांना साखरेवर कर्ज मिळतं ते बहुतांशी असं. नजरगहाणात माल कारखानदाराच्याच ताब्यात राहतो. बँकेकडे असतो तो कागदावरचा हक्क. सूत रोज येतं, टॉवेल रोज जातो, म्हणून कारखानदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून त्या महिन्याची उचल किती हे ठरतं. बँकेत याला ड्रॉइंग पॉवर किंवा नुसतं 'डीपी' म्हणतात.

खरा हिशेब असा आहे. सूत, बीमवर चढलेला माल आणि तयार गाठी मिळून साठा १ कोटी ४० लाखांचा. सूत व्यापाऱ्यांचं देणं ३० लाख. गिऱ्हाइकांकडून ९० दिवसांच्या आतली येणी ८० लाख. बँकेचं मार्जिन, म्हणजे कर्ज देताना वगळायचा हिस्सा, साठ्यावर २५ टक्के, येण्यांवर ४० टक्के. साठ्यातून देणी वजा केली की १ कोटी १० लाख उरतात, त्याचे ७५ टक्के ८२ लाख ५० हजार. येण्यांचे ६० टक्के ४८ लाख. बेरीज १ कोटी ३० लाख ५० हजार. याच्या वर त्याला उचल करता येत नाही. पण त्याने १ कोटी ९५ लाख उचलून ठेवले आहेत. मधले ६४-६५ लाख होटगी रोडच्या एका जमिनीत गेले आहेत, कारण टॉवेलमध्ये पाच वर्षांत जे सुटत नाही ते जमिनीत दीड वर्षात सुटेल असं त्याला वाटलं. लोभ एवढाच आहे, आणि तो कारखानदाराला लोभ वाटतसुद्धा नाही. सहा महिन्यांत पैसे परत खात्यात भरायचे आहेत असंच तो मनाशी धरून असतो. बँकेच्या भाषेत याला निधी वळवणं म्हणतात.

मग तो पुढचं स्टेटमेंट लिहायला बसतो. साठा १ कोटी ४० लाखांचा २ कोटी १० लाख होतो. देणी ३० लाखांची १० लाख होतात. १२० दिवस जुनं ५ लाखांचं एक बिल नवी तारीख घालून येण्यांत घेतलं जातं, येणी ८५ लाख. आता डीपी काढा: २ कोटींचे ७५ टक्के दीड कोटी, येण्यांचे ५१ लाख, एकूण २ कोटी १ लाख. खातं नियमित. एकट्या साठ्यावर सगळा भार टाकला असता तर तो आकडा टेबलावरच्या कारकुनालाही खटकला असता. भार तीन ठिकाणी वाटून दिला की कुठलाच आकडा एकटा ओरडत नाही. कादंबरीत नेमका हा रात्रीचा प्रसंग हवा. कॅल्क्युलेटर, कोरा फॉर्म, आणि आकडा वाढवताना आधी पेन्सिलीने लिहून बघणारा माणूस.

स्टेटमेंट खोटं असलं तरी तपासणीला माणूस येतोच. तिथे फसवायची पद्धत अशी. गाठींची थप्पी गोदामाच्या कोपऱ्यात मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीला चिकटवून लावतात. रुंदीला ८, खोलीला ६, उंचीला ५, म्हणजे कागदावर २४० गाठी. तपासणीस उभा राहतो तिथून समोरची बाजू, एक कड आणि वरचा थर दिसतो. आतल्या ७ गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे १४० गाठींच्या जागी रिकामी खोकी असली तरी थप्पी पडत नाही आणि बाहेरून काही कळत नाही. दिसणाऱ्या १०० गाठी खऱ्या असतात. तोही माल कधीकधी दुसऱ्याचा असतो: सोलापुरात मजुरीवर विणून देण्याचा धंदा मोठा, सूत देणारा व्यापारी वेगळा आणि माग चालवणारा वेगळा. जॉबवर्कला आलेलं सूत आपलं म्हणून मोजायचं, एवढं सोपं आहे ते.

एप्रिल-मे महिना, पत्र्याचं शेड, बाहेर ४२ अंश. शाखाधिकारी घामाघूम होऊन थप्पीसमोर उभा आहे. कारखानदार म्हणतो, "साहेब, मागं कुठं जायलाव? सगळी धूळ हाय. पोरानं मोजलंय की, लिहा तुमी." शाखाधिकाऱ्याने यात पैसे घेतलेले नाहीत. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायला याच माणसाची गाडी आली होती. थप्पीवर चढून वरची एक गाठ काढली असती तर खालचं खोकं दिसलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण गाठ काढायला सांगणं म्हणजे 'तू खोटा आहेस' असं तोंडावर म्हणणं, आणि ते त्याच्याच्याने होत नाही. तो अहवालावर 'प्रत्यक्ष पाहणी केली, साठा स्टेटमेंटप्रमाणे आढळला' असं लिहितो आणि सही करतो.

ही दुसरी सही. पुढच्या तीनशे पानांत जे होतं ते सगळं इथून निघतं.

हुशार तपासणीस थप्पीकडे नंतर बघतो, आधी वीजबिल मागतो. उत्पादन दीडपट झालं म्हणता, तर युनिटं गेल्या वर्षीएवढीच कशी? मग जीएसटीचं विवरण: स्टेटमेंटमधली विक्री आणि सरकारला दाखवलेली विक्री जुळते का. सूत आलं तर त्याचं ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, कुठे आहे. आगीच्या विम्याची रक्कम किती, कारण २ कोटींचा माल असलेला माणूस सव्वा कोटींचाच विमा उतरवत असेल तर त्याला स्वतःला गोदामात किती माल आहे हे नीट ठाऊक आहे. आणि शेवटी हजेरीपट, कारण कामगार कमी होत असताना माल वाढत नाही. या पाचही गोष्टी साध्या आहेत. कथानायकाला संगणक फोडता येण्याची गरज नाही, बिलं शेजारीशेजारी ठेवता आली पाहिजेत.

थरारकथेला घड्याळ लागतं. बँकेत ते व्याजाच्या रूपाने आयतं मिळतं. २ कोटींवर १२ टक्के दराने महिन्याला २ लाख व्याज खात्याला लागतं. ते भरलं नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षाअखेर बाकी सव्वादोन कोटींच्या पुढे जाते, तीन वर्षांत २ कोटी ८६ लाख. जमीन विकली जात नाही, कारण तिच्या सातबाऱ्यावर कुणा भावकीची हरकत आहे. इकडे नियम असा की कॅश क्रेडिट खात्याची बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या किंवा डीपीच्या वर राहिली, किंवा तेवढ्या काळात खात्यावर जमाच झाली नाही, किंवा झालेली जमा व्याजालाही पुरली नाही, तर खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. एकदा एनपीएचा शिक्का बसला की बँकेला तरतूद करावी लागते, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी रक्कम बाजूला काढावी लागते, नफा घटतो, लाभांश अडतो आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न येतात. म्हणून आता फक्त कारखानदारालाच नव्हे, बँकेलाही हे खातं चांगलं दिसायला हवं असतं. कथेतला कलाटणीचा क्षण हाच. आतापर्यंत फसवणारा एक होता, आता दोघांचं हित एक झालं.

मग येतं नवं-जुनं. हा शब्द गावागावातल्या सोसायट्यांत रुळलेला आहे: ३१ मार्चच्या आत जुनं पीककर्ज भरल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं. शहरी रूप असं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कारखानदाराच्या भावाच्या नावावर नवी फर्म निघते, तिला ७५ लाखांचं कर्ज मंजूर होतं, त्याच दिवशी ती रक्कम दोन खात्यांतून फिरून जुन्या खात्यात जमा होते. ३१ मार्चला जुनं खातं नियमित. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथून पुन्हा उचल. तपासणाऱ्याने फक्त एक करायचं: मार्चच्या शेवटच्या आणि एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांतल्या मोठ्या नोंदी काढायच्या आणि पैसा आला कुठून, गेला कुठे, ते बाण काढून बघायचं. गोल पूर्ण झाला की सापडलं.

नव्या कर्जाला जामीनदार लागतो. "अण्णा, सही तेवढी करा की. मी कुठं पळून जायलोय का?" हे वाक्य मी कादंबरीत कुठल्याही खुनाच्या प्रसंगापेक्षा भयंकर मानेन. जामीनदार म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार, असा समज आजही घट्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग जामीनदाराकडे यावं असं बंधन नाही. निवृत्त शिक्षक, घर स्वतःचं, पेन्शन नियमित: वसुलीला सगळ्यात सोपा माणूस तोच.

सोनेतारणाची कथा वेगळी आणि तिच्यात बारकावे जास्त. इथे दुसरी सही मूल्यांकन करणाऱ्या सोनाराची असते. कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर आम्ल टाकायचं, रेघ टिकली तर सोनं. ही चाचणी फक्त वरचा थर सांगते. जाड मुलामा दिलेल्या पाटल्या ती पार करतात. आत चांदी किंवा तांबं आहे का हे कळायला दागिना कानशीने खोल घासावा लागतो, नाहीतर पाण्यात बुडवून आकारमान काढावं लागतं. १०० ग्रॅमचा २२ कॅरेटचा भरीव दागिना साधारण साडेपाच ते सहा मिलिलिटर पाणी सारतो. तेवढ्याच वजनाची नुसती चांदी साडेनऊच्या आसपास आणि तांबं ११ च्या पुढे. त्यामुळे आत बरीच चांदी किंवा तांबं असलेला दागिना सहाच्या वर जातो. पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते, तिथे एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहावं लागतं आणि खोट सगळी त्या फरकात दडते.

यातली खरी भानगड नूतनीकरणात असते. कर्ज देताना दागिने पाकिटात घालून लाखेने सील करतात, वर सोनार आणि अधिकारी दोघांच्या सह्या. वर्षाने कर्जाचं नवं-जुनं होतं तेव्हा पाकीट न उघडता नुसतं तोललं जातं. वजन जुळलं की सही. असं दोन-तीन वर्षं चालतं आणि कर्ज थकून लिलावाची वेळ येते त्या दिवशी पाकीट पहिल्यांदा फाडलं जातं. खुणा आधीच दिसत असतात: एकाच सोनाराच्या दाखल्यावर एकाच गल्लीतल्या पंधरा-वीस जणांची कर्जं, दागिने एकाच घडणीचे, व्याजापोटी कधी रुपया आलेला नाही. आणि कर्जदार म्हणून ज्यांची नावं आहेत ती विडी वळणारी, मागावर काम करणारी माणसं. त्यांनी दोन हजारांसाठी आधार कार्ड दिलेलं असतं. पोलिस पहिल्यांदा त्यांच्या दारात येतात. कादंबरीकाराने या माणसांना एका ओळीत उरकू नये.

तिजोरीचं थोडक्यात. तिला दोन किल्ल्या असतात, एक अधिकाऱ्याकडे, एक रोखपालाकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडता कामा नये. १०० नोटांचं पाकीट, अशा १० पाकिटांचं बंडल. ५०० च्या नोटांचं एक बंडल ५ लाखांचं, एक कोटी म्हणजे २० बंडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तब्बल १२२ कोटींची रोकड कमी असल्याचं उघड झालं. सगळ्या नोटा ५०० च्या धरल्या तरी ती २,४४० बंडलं होतात. एवढा ढीग एका रात्रीत जात नाही. तो जात असताना रोकड मोजल्याच्या नोंदी होत असतात आणि त्या नोंदींखाली सह्याही.

सत्य घटनांतून शिकायचं तर प्रत्येक प्रकरणात 'दुसरी सही कुठे गेली' हा एकच प्रश्न विचारावा. १७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरमधला निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. ८२.७ कोटी पौंडांचा खड्डा पडला आणि बँक एका पौंडाला विकली गेली. तिथे दुसऱ्या सहीची खुर्चीच रिकामी होती. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक रिसीट नावाचा कागद होता: 'रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देतो' असं एका बँकेने दुसरीला लिहून द्यायचं. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बँक ऑफ कराडच्या अशा पावत्या मागे रोखे नसताना बाजारात फिरल्या, आणि ती जुनी बँक त्यात संपली. कागद घेणाऱ्यांनी मागे रोखे आहेत का ते पाहिलंच नाही, कारण तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

पंजाब नॅशनल बँकेचं २०१८ चं प्रकरण यंत्रणेच्या फटीचं. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हिरे व्यापाऱ्यांसाठी परदेशातल्या बँक शाखांना हमीपत्रं जात होती, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून. स्विफ्ट आणि बँकेची मुख्य संगणक प्रणाली एकमेकांना जोडलेली नव्हती, म्हणून संदेश गेला तरी बँकेच्या खातेवहीत नोंद होत नव्हती. जुनी हमी फेडायला नवी हमी, असं ते चाक वर्षानुवर्षं फिरलं. म्हणजे नवं-जुनंच, फक्त डॉलरमध्ये. संबंधित अधिकारी निवृत्त झाल्यावर व्यापाऱ्यांची माणसं नेहमीसारखी हमीपत्र मागायला आली, तेव्हा नव्या माणसाने पूर्ण रकमेचं तारण मागितलं. ते म्हणाले, आधी तर कधी लागत नव्हतं. त्या एका वाक्याने १३,००० कोटींहून मोठं प्रकरण उघडं पडलं.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे. ती मोठी खाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली, आणि ती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत तेवढी होती. कुणीतरी बसून ती नावं आणि रकमा भरल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला १,००० रुपये काढता येत होते. हाताने यादी भरणारा तो कारकून, त्याला काय सांगून कामाला बसवलं असेल, हे एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

या सगळ्यातून कादंबरीला एक चांगली खूण मिळते: कधीच रजा न घेणारा माणूस. खोटा हिशेब रोज जपावा लागतो. एक दिवस दुसरा त्या खुर्चीत बसला तर चाक थांबतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाच्या दिवसांची सक्तीची रजा देण्याचा नियम केला. सोलापुरात हे दाखवायला जानेवारीसारखा महिना नाही. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, सातही नंदीध्वज निघालेले, अख्खं शहर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर, आणि हा माणूस शाखेचं मागचं दार उघडून एकटा संगणकासमोर. लोक त्याचं कौतुक करतात, किती कष्टाळू म्हणून. बायको तेवढी गप्प असते.

उघड झाल्यानंतरची पायरी लेखक बहुधा पोलिसांच्या गाडीवर संपवतात. प्रत्यक्षात तिथून कागदांचा दुसरा डोंगर सुरू होतो. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी, मग कलम ८८ खाली कोणत्या संचालकाने आणि अधिकाऱ्याने किती नुकसान केलं याची व्यक्तिशः रक्कम ठरते. संचालकपद मानाचं म्हणून घेतलेला, सभेला येऊन चहा पिऊन ठरावावर सही करणारा माणूस पहिल्यांदा इथे घाबरतो, कारण नोटिशीत त्याच्या नावापुढे आकडा असतो. कर्जदारावर आणि जामीनदारावर सरफेसी कायद्याच्या, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं. मग ताबा, आणि ताबा घेतल्यापासून ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लहान शहरात ही नोटीस म्हणजे शिक्षाच. सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी ती मोठ्याने वाचतं: चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांचं घर. जामीनदार शिक्षकाच्या घराची चतुःसीमा अशी गावभर होते.

आणि ठेवीदार. थरारकथांत हा माणूस गर्दीत असतो, रांगेत, चेहरा नसलेला. त्याला लोभी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १० लाखांवर ७ टक्क्यांऐवजी ९ टक्के मिळाले तर वर्षाला २०,००० जास्त, महिन्याला साधारण १,६५० रुपये. गिरणीतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या घरात तो रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा खर्च असतो. शिवाय व्याजाइतकाच त्याने माणूस पाहिलेला असतो: चेअरमन आपल्या ओळखीचे, पिग्मीवाला रोज दारात येतो. तीही एका अर्थाने दुसरी सहीच, मुदत ठेवीच्या अर्जावरची.

सोलापूरच्या ठेवीदारांनी हे जवळून पाहिलं आहे. लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये १,००० रुपयांची मर्यादा आली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुरेसं भांडवल आणि कमाईची शक्यता नसल्याचं सांगत रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. सुमारे ९९ टक्के ठेवीदार ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र असल्याचंही तेव्हा जाहीर झालं. हा विमा फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाचा ५ लाख झाला, नाहीतर चित्र फार वेगळं असतं. पण ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली त्या माणसाची रक्कम एकत्र धरली जाते. कुठलीही बँक बुडाली की उरलेल्या एक-दोन टक्क्यांत कोण येतात याचा विचार करून बघा: ग्रॅच्युइटी एकरकमी ठेवणारा, घर विकून मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेली विधवा, गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी. पतसंस्थेत तर हा विमाच नाही. बोर्डावर 'बँक' नाही एवढाच फरक लोकांना दिसतो, आणि तो फरक ५ लाखांचा असतो.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची आणि एकूण ९० दिवसांत पैसे मिळायचे, अशी तरतूद आहे. त्यासाठी ठेवीदाराला संमतीचा अर्ज भरावा लागतो, ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक द्यावा लागतो. कादंबरीचं शेवटचं दृश्य मी या टेबलापाशी ठेवेन. साठीच्या पुढची बाई, हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पावत्या. नमुना सही जुळत नाही, कारण खातं उघडलं तेव्हा ती तेलुगूत सही करायची आणि आता मराठीत करते. टेबलामागचा तरुण कर्मचारी तिला सांगतो, "आक्का, जुन्यासारखी करा. घाई नाही, बसून करा." ती पदराने बोट पुसते आणि आधी कोऱ्या कागदावर दोनदा काढून बघते.